हरण्यात कसली आली मजा?

खेळ म्हणजे विरंगुळा, दोन घटका मन रमावे म्हणून केलेली करमणूक, अशी आपली साधी समजूत असते. परंतु हल्लीच्या मुलांचे काही व्हिडिओ गेम पाहिले म्हणजे या समजुतीला तडा जातो. मुलगा अर्ध्या तासात दहा वेळा मरतो, चिडतो, घामाघूम होतो आणि अकराव्यांदा पुन्हा तेथेच जाऊन उभा राहतो. याला विरंगुळा कसा म्हणावा? आमच्या रिद्धपूरच्या दवाखान्यात एका संत्रा बागायतदाराने मला हाच प्रश्न विचारला. "डाक्टरसाहेब, पोरगं रातभर त्या खेळात मरते अन् सकाळी हासते. याले येड म्हनाव का व्यसन?" मुलगा वैद्यकीय प्रवेश परीक्षेत एकदा मागे पडलेला, दुसऱ्या खेपेची तयारी घरीच चाललेली. ते यंत्र विहिरीत टाकायचे, असा वडिलांचा बेत होता.

यंत्र विहिरीत टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी हा खेळ काय आहे ते पाहावे लागेल.

मुलगा खेळत होता तो 'एल्डन रिंग'. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा हा खेळ फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि वर्षभरात त्याच्या दोन कोटी प्रती खपल्या. 'डार्क सोल्स' (२०११) हा त्याच घराण्यातला थोरला भाऊ. या जातीला ॲक्शन रोल-प्लेइंग गेम म्हणतात. खेळणारा एका पात्राचे सोंग घेतो, त्याची ताकद आणि शस्त्रे हळूहळू वाढवतो. लढाई मात्र स्वतःच्या बोटांच्या चपळाईवर लढावी लागते. एका किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा राक्षस आडवा येतो. तो काठी उगारतो आणि क्षणभर तशीच वर धरून ठेवतो. घाबरून आधीच उडी मारणारा नेमका काठीखाली सापडतो. प्रत्येक वाराला, प्रत्येक कोलांटीला दम खर्च होतो आणि उरलेला दम पडद्यावर पट्टीने दिसतो. आणखी एकच वार मारू, असा लोभ धरला की निसटायला दम उरत नाही. मेल्यावर कमाई मेल्या जागी पडून राहते. ती परत आणायची एक संधी मिळते. वाटेत पुन्हा मेलात तर ती गेलीच.

इतके छळणारे खेळ लोक पैसे देऊन का घेतात? माझ्या मते याचे उत्तर एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे न्याय. या खेळातली हार बहुतेक वेळा न्यायाची असते. उडी लवकर मारली, लोभ केला, शत्रूच्या खांद्याकडे लक्ष दिले नाही, हे त्याच क्षणी कळते. चूक आपली, ती डोळ्यांसमोर, आणि मिनिटभरात सुधारण्याची संधी. कोणी रागावत नाही, शेजारच्याशी तुलना करत नाही. मी त्या मुलाशी एकट्याने बोललो तेव्हा तो म्हणाला, "सर, तिथं हरलो त कोनी विचारत नाही, कितव्यांदा हरला म्हनून."

आता हे वाक्य आपल्या वऱ्हाडात ठेवून पाहा. बागायतदार वर्षभर झाडाला जीव लावतो. मग आंबिया बहाराची गळ सुरू होते, नाहीतर गारपीट होते, नाहीतर ऐन तोडणीत भाव पडतात. यात त्याची चूक कोणती? तोच मुलगा वर्षभर अभ्यास करतो आणि एका दुपारच्या तीन तासांत निकाल लागतो. कोठे चुकले हे सांगायला कोणी बसत नाही. ज्या घरात कष्ट आणि फळ यांचा मेळ बसत नाही, तेथल्या मुलाला कष्टाचे फळ हमखास देणारे एक ठिकाण सापडले तर ते गोड लागणारच. त्यात येड काही नाही.

शरीरशास्त्राच्या अंगानेही थोडे सांगतो. व्हिडिओ गेम खेळताना मेंदूत डोपामिन नावाचे रसायन पाझरते, हे लंडनच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले. त्यावरून लगेच 'मेंदूला चटक लागली' अशी हाकाटी होते. परंतु आवडीचे जेवण आणि आवडते गाणे यांनीही ते पाझरते. महत्त्वाचे असे की अपेक्षेपेक्षा अधिक मिळाले की या रसायनाची उसळी मोठी असते. चाळीस वेळा हरलेल्याने जिंकण्याची आशा जवळपास सोडलेली असते. एकेचाळिसाव्या वेळी राक्षस कोसळतो तेव्हा मुलगा ओरडून खुर्चीवरून का उठतो, ते यावरून उमजावे. सोप्या खेळात ही उसळी येत नाही.

आपल्याकडे हा आनंद नवा नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून पोरांना मल्लखांबावरून घसरायला आणि पुन्हा चढायला शिकवीत आले आहे. तेथेही पकड सुटली की मुलाला स्वतःलाच कळते. (ज्या गावी म्हाइंभटांनी लीळाचरित्राची जुळणी केली, त्या आमच्या गावाला लीळा म्हणजे खेळही, हे निराळे सांगायला नको.) पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. त्यात सर्कशीत कसरती करणारी एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत राक्षसांशी लढते. एल्डन रिंगइतका तो कठीण नाही, पण ज्यांना पहिल्यांदा हे खेळ काय असतात ते पाहायचे आहे, त्या पालकांनी मुलासोबत बसून तो पाहावा.

दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. न्यायाचे ते ठिकाण इतके गोड वाटू लागते की बाहेरचे अन्यायाचे जग नकोसे होते. अभ्यासाचे पुस्तक उघडले की पोटात गोळा येतो आणि कंट्रोलर हातात घेतला की तो जातो, असे रोज होऊ लागले तर तो आनंद राहिला नाही, ती पळवाट झाली. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' घातला असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच्या खुणा तीन: खेळावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यांपेक्षा खेळ वरचढ होणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच ठेवणे. आणि हे साधारण बारा महिने चाललेले असावे. रविवारी चार तास खेळला म्हणजे आजार नव्हे.

पैसे लावून खेळायच्या रमी वगैरेंशी या खेळांची गल्लत मात्र करू नका. तेथे दर हारीला खिसा रिकामा होतो, आणि पाने कशी पडावीत हे कोणाच्या हाती नसते. अशा ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली, ती योग्यच होती.

त्या बागायतदाराच्या मुलाला मी खेळ सोडायला सांगितले नाही, झोपायला सांगितले. २००२ साली हार्वर्डच्या संशोधकांनी माणसांना बोटांची एक हालचाल शिकवली. रात्री झोप घेतलेल्यांचा वेग दुसऱ्या दिवशी सुमारे वीस टक्क्यांनी वाढलेला आढळला. नुसते जागे राहिलेल्यांचा तसा वाढला नाही. रात्री दोन वाजता न पडणारा राक्षस सकाळी दुसऱ्या डावात का पडतो, त्याचे एक कारण हे आहे. पोराला हे पटले, कारण ते त्याने अनुभवले होते. अकराला यंत्र बंद, असे दोघांत ठरले. मध्येच बटण बंद करू नका, चालू लढत संपू द्या, एवढे मी वडिलांनाही सांगितले. दर वीस मिनिटांनी वीसेक फूट दूर नजर टाकावी. अंगठा किंवा मनगट दुखू लागले तर दोन दिवस विश्रांती घ्यावी.

आणि वर सांगितलेल्या तिन्ही खुणा दिसत असतील, किंवा परीक्षेच्या निकालानंतर मुलगा जेवत नसेल, बोलत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे म्हणत असेल, तर खेळावरून वाद घालत बसू नये. जवळच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे, किंवा १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.