गिटारवाल्याची सुपारी

'सुपारी' हा शब्द अलीकडे वर्तमानपत्रांनी फार बदनाम करून टाकला आहे. सुपारी घेतली म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे गुंड उभा राहतो. वास्तविक हा शब्द कलावंतांचा आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रेचे पंच तेथे येतात, खेळाची तारीख ठरते, आकडा ठरतो, काही रक्कम आगाऊ हातात पडते आणि कागद होतो. याला सुपारी घेणे म्हणतात. आपल्या सिंधुदुर्गातही दशावतारी मंडळाला नाटक सांगायचे असले की आकडा, मांड कोठे, जेवणाचे काय, हे सारे आधी बोलून घेतात. राजाचा पोशाख चढवणारा नट पहाटे रिकाम्या हाताने घरी जाऊ नये एवढी काळजी खेड्यातला मानकरीसुद्धा घेतो.

मग हातात गिटार घेऊन एकट्याने गाणाऱ्या माणसालाच ही रीत का लागू पडू नये, असा माझा प्रश्न आहे.

मी कला शाखेच्या तृतीय वर्षाचा विद्यार्थी. गेले दोन हंगाम शनिवार-रविवारी बांद्यावरून पत्रादेवीचा नाका ओलांडून मी पेडणे तालुक्यातल्या किनाऱ्यांवर गायला जातो. कधी शॅकमध्ये, कधी बारमध्ये, कधी कुणाच्या वाढदिवसाला. माझ्या फीचा आणि खोलीभाड्याचा बराचसा भार या गाण्यावर आहे. तेव्हा हा लेख कलेच्या प्रेमाने लिहिला आहे हे खरे. पण पोटाच्या काळजीनेही लिहिला आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

हॉटेलातले गाणे ही काही कालची गोष्ट नव्हे. अल्डोणा गावचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आपला बँड घेऊन वाजवीत असे, आणि तोच पुढे सी. रामचंद्र म्हणजे आपल्या रामचंद्र चितळकरांच्या वाद्यवृंदात आला. 'अलबेला' (१९५१) मधल्या ज्या ठेक्यावर आपले आजोबा डोलले, त्याची एक वाट हॉटेलाच्या त्या मंचावरून आलेली आहे. त्या काळी मंचावर सहा-आठ वादक असत. पुढे ते चार झाले, मग दोन. ताल देणारे यंत्र आले, आधी तयार करून ठेवलेली साथ पेटीतून वाजू लागली, आणि आज बहुतेक ठिकाणी मंचावर एकच माणूस उरला आहे. मालकाला एकाचे मानधन द्यावे लागते, एकाचे जेवण, एक खुर्ची. हिशेब सरळ आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही, की चौघांचे काम एकावर आले तरी चौघांबरोबर होणारा करार मात्र त्या एकाशी कुणी करीत नाही.

एकटा गाणारा काय करतो ते पाहू. बँडमध्ये एक गातो तेव्हा दुसरा घसा ओला करतो. येथे गाणे, वाजवणे, ध्वनिवर्धकाची बटणे फिरवणे, पुढचे गाणे ठरवणे आणि टेबलावरून आलेली फर्माईश ऐकून 'नंतर घेतो' असे हसून सांगणे, सारे एकाच डोक्यात चाललेले असते. म्हणून पंचेचाळीस मिनिटे गाणे आणि पंधरा मिनिटे विश्रांती ही वाटणी चैनीची नाही. तिच्यावर दुसऱ्या दिवशीचा आवाज अवलंबून असतो. मालक तीन तासांचे पैसे देतो, पण मी दुपारी तीनला घर सोडतो आणि रात्री एकला परततो. त्यात पेट्रोल आले, तारांचा संच आला, भाड्याचा स्पीकर आला, आणि शंभर-सव्वाशे गाणी पाठ करण्यात गेलेली वर्षे आली. एखादे टेबल जुने इंग्रजी गाणे मागते, शेजारचे कोल्हापूरचे कुटुंब मराठी भावगीत मागते, कोपऱ्यातला म्हातारा कोकणी मांडो मागतो. तिघांनाही आपले गाणे मिळाले असे वाटणे हे त्या संध्याकाळचे खरे काम.

यावर कुणी म्हणेल, एवढा खर्च कशाला, स्पीकरवर गाणी लावा. लावावीत. पण स्पीकरला समोरची माणसे दिसत नाहीत. जेवण आले की आवाज उतरवावा, टेबलावर वाद वाढतोय असे दिसले की ठेका बदलावा, लहान मूल पेंगुळले तर हलके काही घ्यावे, हे स्पीकर करीत नाही. गाणाऱ्याला बोलावले तर त्याच्या या नजरेचेही पैसे आपण देत असतो.

माझे म्हणणे एवढेच, की गिटारवाल्यालाही रीतसर सुपारी द्या. एका पानाच्या कागदावर पाच-सहा गोष्टी लिहिल्या की पुरे. रक्कम किती, आगाऊ किती आणि उरलेली कधी. माझ्या मते निम्मी आधी आणि निम्मी शेवटचे गाणे झाल्यावर त्याच रात्री. किती वेळ गायचे, मध्ये किती थांबायचे. स्पीकर, मिक्सर, माइक कुणाचे. जागा उघड्यावर असेल तर पाऊस आल्यास काय, आणि विजेच्या प्लगला अर्थिंग आहे की नाही. शेवटची गोष्ट लोकांना हसू आणते. पण एका हाताने गिटारच्या तारा धरून ओठ माइकच्या जाळीला लावणाऱ्याला झटका बसला म्हणजे काय होते, ते ज्याने भोगले तोच जाणे.

त्याच कागदावर वेळेची मर्यादाही असावी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते, तेवढेच. यजमान साडेनवाला म्हणतात, आता कुठे रंग भरतोय. पोलीस आले की मात्र गाणारा पुढे आणि यजमान स्वयंपाकघरात. तेव्हा रंग आठला भरावा, अशी व्यवस्था आधीच केलेली बरी.

गाण्यांच्या हक्काचेही तसेच. दुसऱ्याची गीते-चाली हॉटेलात जाहीरपणे गायच्या तर त्यांच्या हक्कदारांचा परवाना लागतो. गीतकार-संगीतकारांची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून याच कामासाठी आहे. लग्नसमारंभाला कायद्यानेच सवलत दिली आहे. हा परवाना धंदा करणाऱ्या हॉटेलाने घ्यायचा. तो खर्च गायकाच्या मानधनातून कापून घेणे म्हणजे दुकानाचे भाडे नोकराच्या पगारातून वळते करण्यासारखे आहे. उलट गाणाऱ्याचाही एक हक्क आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. आपल्या लेखाधिकार कायद्यात कलावंताच्या सादरीकरणावर त्याचा स्वतःचा हक्क पन्नास वर्षे मानला आहे. त्याला न विचारता त्याचे अख्खे गाणे चित्रित करून हॉटेलाच्या जाहिरातीत वापरता येत नाही. मोबाइलच्या या दिवसांत हे कलम कागदावर आले पाहिजे.

मालकांची बाजू मला ठाऊक आहे. ऑक्टोबर ते मे एवढाच हंगाम. पावसाळ्यात शॅक मोडून ठेवावे लागते. काही संध्याकाळी सहा टेबलांपैकी पाच रिकामी असतात आणि गाणारा मात्र भरल्या घराचे पैसे मागतो. एकाने मला सरळ विचारले, "तुझ्या गाण्याने गिऱ्हाईक येते की गिऱ्हाइकामुळे तुझे गाणे चालते?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की रिकाम्या टेबलांचा धोका धंदेवाल्याचा असतो. आचाऱ्याचा पगार कुणी टेबले मोजून देत नाही. मालकाला रोज तेवढे परवडत नसेल तर दोनच दिवस गाणे ठेवावे, पण त्या दोन दिवसांचे पैसे ठरलेले असावेत. मागच्या हंगामात एका ठिकाणी संध्याकाळी सात वाजता, मी सामान लावल्यावर, 'आज नको' असे सांगण्यात आले. आगाऊ रक्कम नव्हती, कागद नव्हता. परतीचे पेट्रोल माझे. त्या मालकावर माझा राग नाही असे मी म्हणणार नाही. पण कागद असता तर मला रागाची गरजच पडली नसती.

आता घरच्यांची बाजू. "मुलगा बारमध्ये गातो" हे वाक्य आपल्याकडे हळू आवाजात बोलले जाते. मुलगी असेल तर बोललेच जात नाही. उषा उथुप १९६९ च्या सुमारास मद्रासच्या 'नाइन जेम्स' या नाइटक्लबात साडी नेसून गाऊ लागल्या, पुढे कलकत्त्याच्या 'ट्रिंकाज'मध्ये गायल्या, आणि २०२४ साली त्यांना पद्मभूषण जाहीर झाला. पदक मिळाल्यावर नाइटक्लबचे कौतुक करणारा समाज गल्लीतल्या मुलीला मात्र तोच मंच नाकारतो. महाराष्ट्रात ऑर्केस्ट्रा बारच्या मंचावर चारच स्त्रिया आणि चारच पुरुष अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ती स्त्री-पुरुषांची वाटणी रद्द केली. कायद्याने दार उघडले. पण गाणाऱ्या मुलीला रात्री घरी कोण पोचवणार, बसायला वेगळी खोली आहे का, नोटा हातात देण्याच्या निमित्ताने मंचावर येणाऱ्याला कोण अडवणार, हे न्यायालय ठरवीत नाही. ते कागदावरच ठरले पाहिजे आणि ते विचारणारी मुलगी नखरेल ठरता कामा नये.

शेवटी आपले घर. आपल्या स्नेहसंमेलनात मंडपवाल्याला पैसे मिळतात, वीजवाल्याला मिळतात, वडापाव देणाऱ्याला मिळतात. गाणाऱ्या माजी विद्यार्थ्याला मात्र "तू आपलाच आहेस" म्हणून पुष्पगुच्छ मिळतो. प्राध्यापक महोदय आणि संमेलन समितीतले मित्र रागावणार नाहीत अशी आशा आहे. पण आपलाच असेल तर त्याला आधी द्यायला हवे. पुढच्या संमेलनाच्या अंदाजपत्रकात 'गायक-वादक मानधन' असा एक रकाना असावा, मग त्यात दोन हजार रुपये का असेनात, आणि त्यापुढे गाणाऱ्याची सही असावी. कला शाखेचे महाविद्यालयच कलेची किंमत शून्य लिहू लागले, तर शॅकच्या मालकाकडे कुठल्या तोंडाने मागायचे?