मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज नव्हे

मूर्तिजापूरच्या घरी दोन जुने पोर्टेबल सीडी प्लेयर आहेत, एक अब्बांचा, एक माझा. अब्बांचा भंगारात निघाला होता. "माझाच चांगला वाजतो," हे मत माझेच.

देण्याआधी एकच कव्वालीची सीडी, एकच हेडफोन घेऊन दोन्ही ऐकले. माझाच सरस वाटला. मग लक्षात आले, त्याचा आवाज थोडा मोठा होता. कानाला मोठा आवाज चांगला भासतो. दोन्ही सारखे केले, तर फरक जवळपास मिटला.

उरला तो अँटी-शॉकचा. धक्क्याने सीडी अडखळू नये म्हणून गाणे काही सेकंद आधी मेमरीत साठवले जाते. जागा कमी पडते म्हणून अनेक प्लेयर ते दाबून साठवतात, त्यात बारकावे जातात. अब्बांच्या प्लेयरचे हे बटण चालूच होते. बंद करताच हार्मोनियममागच्या टाळ्या स्वच्छ ऐकू आल्या. अचलपूरला जाणाऱ्या शकुंतलेच्या डब्यात ते बटण लागायचे. घरी टेबलावर कशाला?

सीडीवर सेकंदाला 44,100 नमुने असतात, ते दोन्ही प्लेयरना सारखेच मिळतात. म्हणून माझे म्हणणे: आधी आवाज सारखा करा, अँटी-शॉक बंद करा, मगच निकाल द्या. अब्बांचा प्लेयर आता भंगारात जाणार नाही.