काढलेला मोतीबिंदू परत येत नाही

घनसावंगी, मंठा किंवा जाफराबाद तालुक्यातील एखाद्या खेड्यात, मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसविल्यावर जिला ज्वारीतले खडे पुन्हा दिसू लागले होते अशी वृद्धा, दोन-तीन वर्षांनी दिवेलागणीच्या वेळी परत चाचपडू लागली की घरची मंडळी दोनच निकाल देतात : मोतीबिंदू पुन्हा आला, नाहीतर ऑपरेशनच बाद गेले. बहुधा दोन्ही निकाल चुकीचे असतात. परंतु त्यांवर अपील चालते, हे त्या बिचारीला कोणी सांगितलेलेच नसते.

गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढताना त्याचे मागचे वेष्टन, जे जाडीने मिलिमीटरचा एक शतांशसुद्धा भरत नाही, ते शाबूत राखतात, कारण नव्या भिंगाला आधार त्याचाच असतो. आणि कडेला राहून गेलेल्या जुन्या पेशी कालांतराने वाढून त्याच पारदर्शक पडद्यावर पसरल्या की तो धूसर होतो. पूर्वीच्या शिबिरांत भिंग वेष्टनासकट काढीत, तेव्हा ही तक्रार उद्भवतच नसे. मात्र रोग्याच्या नशिबी सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा येई. १९४९ साली लंडनमध्ये हॅरल्ड रिडले यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले, त्या उपकाराची ही किरकोळ पट्टी समजावी. तीही १९८० च्या सुमारास पॅरिसच्या डॉ. आरों-रोझा आणि बर्नचे डॉ. फांकहाउझर यांनी हलकी केली : यॅग लेझरने धूसर पडद्याच्या मध्यभागी झरोका पाडायचा, काम काही मिनिटांचे, चिरा नाही की टाका नाही. डोळ्याचा दाब वाढणे, क्वचित दृष्टिपटल सुटणे असे धोके त्यातही आहेत. शिवाय अंधुकपणाचे मूळ काचबिंदूत वा दृष्टिपटलातही असू शकते. म्हणून आधी तपासणी हवीच.

माझी तक्रार वैद्यकशास्त्राविरुद्ध नाही, हिशेबाच्या पद्धतीविरुद्ध आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, जालना शहरात श्री गणपती नेत्रालयासारखे रुग्णालय उभे आहे, गावोगावी शिबिरे भरतात. पण उद्दिष्ट आणि गौरव दोन्ही शस्त्रक्रियांच्या आकड्यात मोजले जात असल्याने, तो डोळा तिसऱ्या वर्षी काय पाहतो याची चौकशी करणे कोणाच्याच जिम्मे येत नाही. त्यातून दिवाळीनंतर लेक-सून ऊसतोडीला गेलेली, म्हातारीला एस.टी.त बसवून देणार कोण?

ज्या गाडीने शिबिराचे रुग्ण नेले, तीच गाडी दोन वर्षांनी त्याच यादीनिशी त्याच गावी फिरवावी, मधल्या काळात आशाताईंनी दारी जाऊन नजर कशी आहे ते विचारावे, आणि घरी सोडताना हाती पडणाऱ्या कागदावर ठळक मराठीत लिहावे : ‘पुढे पुन्हा अंधुक दिसू लागल्यास या, मागचा पडदा धूसर झाला असेल, तर तो लेझरने मोकळा करता येतो.’ वाचता न येणाऱ्यांना ते तोंडी सांगावे, आणि सोबत आलेल्या नातवालाही सांगून ठेवावे.