खलनायिका, पण नाइलाजाने

आठ वर्षांची कातारिना क्लेस पडते, डोक्याला मार लागतो आणि तिला मागचा जन्म आठवतो. त्या जन्मी ती जपानमधली शाळकरी मुलगी होती. आता ती जगते आहे ते तिनेच खेळलेल्या एका प्रेमकथेच्या व्हिडिओ गेममध्ये, तेही खलनायिका म्हणून. त्या गेममध्ये खलनायिकेच्या नशिबी हद्दपारी असते, नाहीतर मरण.

सातोरू यामागुची यांची ही कादंबरी २०१५मध्ये पुस्तकरूपात आली. २०२०मध्ये तिच्यावर अ‍ॅनिमे मालिका झाली आणि ‘माय नेक्स्ट लाइफ अ‍ॅज अ व्हिलनेस’ या नावाने ती जपानबाहेरही लोकप्रिय झाली.

हद्दपार झालोच तर पोट भरता यावं म्हणून ही उमरावाची लेक शेती शिकते, तेव्हा हसू येतं. पण तिचा दत्तक भाऊ कीथ स्वतःला खोलीत कोंडून घेतो, तेव्हा ती कुऱ्हाडीने दार फोडते आणि त्याची माफी मागते. पांढऱ्या केसांमुळे आणि लाल डोळ्यांमुळे हिणवली जाणारी सोफिया तिला सुंदर दिसते. ती तसं सरळ सांगून टाकते.

कथेची भावनिक ताकद इथेच आहे. सगळे तिच्या प्रेमात पडलेत हे प्रेक्षकाला कळतं, तिला मात्र बराच काळ उमगत नाही. ती अजून संकट टाळण्याचे बेतच आखत असते.

अनिच्छेने खलनायिका झालेल्या अशा नायिकांना हा अंक वाहिला आहे. त्यांच्या कथा प्रेमासोबत मैत्रीलाही तितकंच मानाचं स्थान देतात, आणि म्हणूनच त्या मनापासून वाचायला हव्यात.