घर आणि गांव : शांतता-समितीचें बारमाही काम

गणेशोत्सव पंधरा दिवसांवर आला कीं आमच्या शहरांतील पोलीस ठाण्यांत एक बैठक भरते. तिला शांतता-समितीची बैठक म्हणतात. मंडळांचे अध्यक्ष, मशिदींचे विश्वस्त, माजी नगरसेवक, दोन-चार व्यापारी आणि एखादे सेवानिवृत्त मुख्याध्यापक एवढी मंडळी जमतात. ठाण्याचे अधिकारी प्रास्ताविक करतात, आपलें शहर गुण्यागोविंदानें नांदणारें आहे असें पांच-सहा वक्ते पांच-सहा प्रकारें सांगतात, चहा होतो. कोणी तरी उठून मिरवणुकीच्या वाटेवरील खड्ड्यांचा आणि लोंबणाऱ्या तारांचा विषय काढतो, आणि त्याला उत्तर देण्यास महानगरपालिकेचा मनुष्य बहुधा हजर नसतो. पुढें ही समिति पुन्हा केव्हां दिसते? ईदेच्या आधीं, नाहीं तर दंगल होऊन गेल्यावर.

अशा बैठकीची थट्टा करणें सोपें आहे, आणि सुशिक्षित घरांत ती होतेही. परंतु थट्टा करणाऱ्यांपैकीं किती जणांनीं ती बैठक डोळ्यांनीं पाहिली आहे, असा प्रश्न केला तर उत्तर फारसें भूषणावह येणार नाहीं. गुलमंडी, औरंगपुरा, खडकेश्वर ह्या भागांतील आपलीं कित्येक जुनीं घरें गेल्या पन्नास वर्षांत मोडलीं. बिऱ्हाडें सिडको, ज्योतीनगर, समर्थनगर, उल्कानगरी अशा नव्या वसाहतींत गेलीं. जागा ऐसपैस मिळाली, हवा मिळाली, ह्याबद्दल कोणास दोष नाहीं. मात्र त्याबरोबर जुन्या शहराचीं भांडणें हीं "तिकडचीं" झालीं, आणि त्यांविषयीं मत देणें तेवढें आपल्याकडे राहिलें. उंटावरून शेळ्या हांकणें म्हणतात तें हेंच.

आमच्या मतें ह्या समितीचा दोष ती भरते हा नसून ती प्रसंगापुरती भरते, आणि भरल्यावर भलत्याच विषयावर बोलते, हा आहे. हें पटण्यास छत्रपति संभाजीनगरचें २०१८ सालचें वर्तमान आठवावें.

त्या वर्षीं फेब्रुवारीच्या मध्यास नारेगांवच्या ग्रामस्थांनीं शहराचा कचरा आपल्या गांवाशेजारीं टाकूं देणें बंद केलें. वर्षानुवर्षें दुसऱ्यांच्या घाणीचा वास घेणाऱ्या माणसांनीं एके दिवशीं पुरे म्हटलें, तर त्यांत नवल नव्हतें. नवल इतकेंच कीं महानगरपालिकेपाशीं दुसरी जागाच तयार नव्हती. रस्तोरस्तीं ढीग सांचले. मग कचऱ्याच्या गाड्या मिटमिट्याकडे वळविण्यांत आल्या, आणि ७ मार्च रोजीं तेथें दगडफेक, जाळपोळ व लाठीमार हें सर्व झालें. प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलें आणि पोलीस आयुक्तांस सक्तीच्या रजेवर जावें लागलें. ह्यानंतर दोनच महिन्यांनीं, ११ मेच्या रात्रीं, मोतीकारंजा, शहागंज, राजाबाजार, नवाबपुरा ह्या जुन्या भागांत दंगल उसळली. दुकानें आणि वाहनें जळालीं, दोन माणसें प्राणास मुकलीं. तिच्या कारणांत अनधिकृत नळजोडण्या तोडण्याच्या मोहिमेवरून झालेल्या वादाचा उल्लेख त्या वेळच्या वृत्तांतांत आहे. कारण एकच नव्हतें. बारीकसारीक कुरबुरी आधींपासून सांचत होत्या. परंतु ठिणगी पडली ती नळावर.

मार्चांत कचरा आणि मे महिन्यांत पाणी. ह्यांपैकीं कोणता विषय शांतता-समितीच्या पटावर होता? तेथें ऐक्यावर भाषणें होत होतीं. उन्हाळ्यांत कित्येक दिवसांआड नळ येणाऱ्या शहरांत एकाचा नळ तोडला आणि शेजाऱ्याचा राहिला, तर त्या दोघांच्या मनांत काय चालेल, हें सांगावयास धर्मशास्त्र लागत नाहीं. त्यांतून एक हिंदु आणि दुसरा मुसलमान असला म्हणजे नळाचें भांडण रात्रींतून धर्माचें होतें. हेंच शहर १६१० सालीं खडकी ह्या नांवानें वसविणाऱ्या मलिक अंबरानें येथें जमिनीखालून नहरीनें पाणी खेळविलें होतें. वस्ती नांदावयाची तर आधीं पाणी, हें त्यास चारशें वर्षांपूर्वीं ठाऊक होतें. नव्या पाणीयोजनेचें भूमिपूजन झालें तें डिसेंबर २०२० मध्यें, म्हणजे दंगलीनंतर अडीच वर्षांनीं.

पुढें २०२३ सालीं रामनवमीच्या आदल्या रात्रीं किराडपुऱ्यांत तरुणांच्या दोन टोळक्यांचें भांडण पेटून पोलिसांच्या गाड्या जळाल्या. शेजारचें राममंदिर मात्र सुरक्षित राहिलें. ह्याचा विस्तार येथें करीत नाहीं. कारणाचा क्षुद्रपणा आणि परिणामाचा मोठेपणा ह्यांचें प्रमाण तेथेंही तेंच होतें.

असें असतां समित्यांचा उपयोग तरी काय, असें कोणी म्हणेल. त्यास ह्याच राज्यांतील भिवंडीचें उदाहरण दाखवितां येतें, आणि तें थोडें सविस्तर सांगण्यासारखें आहे.

भिवंडी हें ठाणें जिल्ह्यांतील यंत्रमागांचें गांव. माग रात्रंदिवस चालणारे, कामगार निरनिराळ्या प्रांतांतून आलेले, वस्ती दाट, मालक आणि कामगार दोन्ही धर्मांचे. मे १९७० मध्यें शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्तानें तेथें भयंकर दंगल झाली. तिची चौकशी न्यायमूर्ति मादन ह्यांच्या आयोगानें केली. १९८४ सालीं पुन्हा तसेंच घडलें. दंगलीचें गांव म्हणून भिवंडीचें नांव देशभर झालें. १९८८ सालीं तेथें पोलीस उपायुक्त म्हणून श्री. सुरेश खोपडे हे आले. शांतता-समित्या त्यांच्यापूर्वींही होत्या. त्यांत पुढारी बसत. खोपडे ह्यांनीं दुसरी रीत धरिली. पुढाऱ्यांस बाजूस ठेवून प्रत्येक मोहल्ल्यांतील साधीं माणसें त्यांनीं गोळा केलीं. दुकानदार, मागवाला, शिक्षक, झोंपडींत राहणारा मजूर, आणि स्त्रियाही. अशा सुमारें ७० मोहल्ला-समित्या उभ्या राहिल्या. दोन्ही धर्मांचे लोक एका समितींत, आणि तिच्याशीं त्याच भागांतील पोलिसाची गांठ घालून दिलेली. बैठक सणापुरती नव्हे, नेमानें भरावयाची. विषय कोणते? नवराबायकोचें भांडण, भिंतीवरून वाहणारी मोरी, उधारीची मारामारी, पोरांची छेडछाड. जीं भांडणें पुढें फौजदारी खटला किंवा दंगल होऊं शकलीं असतीं तीं तेथें चटईवर बसून मिटूं लागलीं.

ह्यांत वरवर पाहतां मोठें असें कांहींच नाहीं, आणि तेंच त्याचें मर्म आहे. जो पोलीस आपल्या सुनेचें माहेरचें भांडण मिटवितांना पाहिला, त्याच्याविषयींची भीति जाते. ज्या शेजाऱ्याबरोबर महिन्यांतून दोनदां एका चटईवर बसलों, त्याच्याविषयीं कोणीं कांहीं सांगितलें तर निदान त्यासच जाऊन विचारावेंसें वाटतें. ६ डिसेंबर १९९२ रोजीं अयोध्येंत बाबरी मशीद पाडण्यांत आली. मुंबईंत डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० माणसें मेलीं असा श्रीकृष्ण आयोगाचा हिशोब आहे. मुंबईला खेटून असलेली, दोनदां होरपळलेली भिवंडी त्या दोन महिन्यांत पेटली नाहीं. खोपडे ह्यांनीं ह्यावर पुढें पुस्तक लिहिलें. अमेरिकेंत अध्यापन करणारे आशुतोष वार्ष्णेय ह्यांनींही आपल्या २००२ सालच्या ग्रंथांत भिवंडीची दखल घेतली. दंगलीनंतर मुंबईनेंही तो धडा गिरविला. १९९४ पासून तेथें ज्युलिओ रिबेरो, पोलीस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे प्रभृति मंडळींनीं मोहल्ला-समित्यांची चळवळ उभी केली.

भिवंडीस ताईत सांपडला असें मात्र नव्हे. जुलै २००६ मध्यें तेथेंच पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून दंगा झाला आणि दोन पोलीस शिपाई मारले गेले. एकदां बसविलेली समिति जन्मभर पुरत नाहीं, एवढें त्यावरून दिसतें. अधिकाऱ्याची बदली झाली कीं चटई गुंडाळली जावयाची, हा आपल्याकडील नेहमींचा अनुभव आहे.

ह्यावर उपाय दूरदेशींच्या एका कायद्यांत पाहावयास मिळतो. कॅनडांतील ओंटारिओ प्रांतांत, जेथें आपल्यांपैकीं पुष्कळ घरांतील मुलें नोकरीनिमित्त गेलीं आहेत, २०१९ पासून प्रत्येक नगरपालिकेस लोकांच्या सुरक्षिततेची व स्वास्थ्याची योजना करणें कायद्यानें भाग पडलें. त्यासाठीं सल्लागार समिति नेमावी लागते, आणि तींत पोलिसांबरोबर आरोग्य, शिक्षण, समाजसेवा व बालकल्याण ह्या खात्यांचीं माणसें असावींच लागतात. एका अधिकाऱ्याच्या लहरीवर ती अवलंबून नाहीं. आपल्या बैठकींत पाणीपुरवठ्याचा अभियंता आणि घनकचऱ्याचा अधिकारी हे दोघे जरी नेमानें येऊन बसले, तरी अर्धें काम होईल.

आतां पंचांगाकडे वळूं. कारण समितीची पुष्कळ धांदल केवळ तें आधीं न उघडल्यामुळें होते. मुसलमानांचें वर्ष निव्वळ चांद्र, सुमारें ३५४ दिवसांचें. म्हणून त्यांचे सण दरसाल अदमासें अकरा दिवस मागें सरकतात. आपलेही महिने चांद्रच. परंतु सुमारें साडेबत्तीस महिन्यांनीं अधिक मास घालून आपण सूर्याशीं मेळ राखतों. अर्थात् दोन अधिक मासांच्या दरम्यान दोघांचे महिने बरोबरीनें चालतात, आणि एकदां जे दोन सण जवळ आले ते दोन-तीन वर्षें जवळच येत राहतात. १० जुलै २०२२ रोजीं आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशीं आली. २९ जून २०२३ रोजीं पुन्हा तसेंच झालें. राज्यांत अनेक ठिकाणीं मुसलमान मंडळींनीं एकादशीस कुर्बानी न देतां ती पुढील दिवसांवर ढकलली. त्याच २०२३ सालीं अधिक श्रावण आला, आणि ईद-ए-मिलाद आश्विनांतून भाद्रपदांत येऊन २८ सप्टेंबरच्या अनंत चतुर्दशीवर पडली. मुंबईंतील मुसलमान संघटनांनीं आपला जुलूस दुसऱ्या दिवशीं नेला आणि सरकारनें त्याप्रमाणें २९ तारखेस सुटी दिली. २०२४ आणि २०२५ मध्यें हे दोन दिवस लागोपाठ आले. २०२६ च्या अधिक ज्येष्ठामुळें तो योग सुटतो, आणि मग सुमारें बत्तीस-तेहेतीस वर्षांनीं पुन्हा जुळतो. हें गणित घरांतील कोणाही पंचांग पाहणाऱ्या वृद्धास दहा मिनिटांत मांडतां येईल. मग मिरवणुकीची वाट आणि वेळ पंधरा दिवस आधीं घाईघाईनें ठरविण्याचें कारण काय? आमच्या वाचकांत दाते पंचांग कोळून प्यालेले आजोबा पुष्कळ आहेत. पुढील दहा वर्षांच्या अशा तारखांचें एक टिपण करून त्यांनीं आपल्या ठाण्यावर नेऊन दिलें, तर त्यांच्या विद्येचा ह्याहून चांगला उपयोग आम्हांस सुचत नाहीं.

आजोबांचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक गोष्ट. मुलें परदेशीं आणि घरांत दोघेंच वृद्ध, अशीं घरें आपल्यांत वाढलीं आहेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखालील नियमांप्रमाणें एकटे राहणाऱ्या वृद्धांची यादी पोलीस ठाण्यानें ठेवावी, अशी तरतूद आहे. आपल्या आईवडिलांचें नांव त्या यादींत आहे काय, हें किती चिरंजीवांनीं पाहिलें आहे? सुरक्षितता म्हणजे दंगलच नव्हे.

घरांतील दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पूर्वीं अफवा बाजारांतून घरीं येई. आतां ती घरांतून बाजारांत जाते. कुटुंबाचा म्हणून जो भ्रमणध्वनीवरील गट असतो, त्यांत काका, मामा, आत्या, पुण्याचे व्याही, अमेरिकेंतील भाचे असे चाळीस-पन्नास जण असतात. कोठें तरी जळणाऱ्या गाडीचें चित्र येतें, खालीं दोन ओळी असतात, गांवाचें नांव असतें किंवा नसतें. वडीलधाऱ्या मनुष्यानें तें पाठविलें म्हणजे लहानांनीं शंका घ्यावयाची नाहीं, ही आपली रीत येथें घातक ठरते. सुरक्षित वसाहतींत बसून पुढें ढकललेलें तें चित्र तासाभरांत राजाबाजारांतील एखाद्या पोराच्या हातांत पडतें. दगड उचलणाऱ्या पोरास पोलीस धरतात. चित्र ढकलणारे सद्गृहस्थ चहा घेत असतात. एकत्र कुटुंबांत ज्याप्रमाणें स्वयंपाकघराच्या किल्ल्या एकीच्या कमरेला असत, त्याप्रमाणें ह्या गटाचीही किल्ली कोणा एका शहाण्या माणसाकडे असावी. बहुधा ती थोरली सून असेल. "हें कोठलें, कधींचें, आणि कोणीं पाहिलें?" असें तिनें सासऱ्यांस विचारलें, तर तो उद्धटपणा समजूं नये.

राहतां राहिला स्त्रियांचा समितींतील प्रश्न. दंगलीच्या आधीं गल्लींत काय शिजत आहे हें त्यांना पुरुषांहून आधीं कळतें, कारण नळावर आणि घंटागाडीपाशीं त्याच उभ्या असतात. पुरुषमंडळी संध्याकाळीं घरीं येतात तों भांडणाचा पूर्वार्ध होऊन गेलेला असतो. तथापि बैठक पोलीस ठाण्यांत, रात्रीं आठ वाजतां. मग कोण जाणार? भिवंडीप्रमाणें ती मोहल्ल्यांत न्यावी. शाळेचा वर्ग, मंदिराचा सभामंडप, दर्ग्याचें आवार, जें जवळ असेल तें. वेळ दुपारीं तीनची ठेवावी. प्रत्येक गल्लींतील दोन बायकांनीं एक वही ठेवावी, आणि नळ कोणत्या दिवशीं, किती वाजतां, किती वेळ आला. घंटागाडी आली कीं नाहीं. कोणता दिवा बंद आहे. एवढेंच तींत लिहावें. एक वही राजाबाजारांत आणि एक किराडपुऱ्यांत राहिली, आणि महिन्याच्या बैठकींत दोन्ही शेजारीं शेजारीं उघडून अभियंत्यापुढें ठेवल्या, तर कोणाच्या वाटचें पाणी कोठें गेलें ह्याविषयीं भाषण करण्याची गरज उरणार नाहीं. वही दोन रेघी असली तरी चालेल. तारीख मात्र रोजची रोज घालावी.