क्रमांक आणि माणूस

भविष्यकाळाचे चित्र रंगविणारे लेखक दोन प्रकारचे आढळतात. काही सांगतात की, पुढे सर्व कामे यंत्रे करतील, रोगराई नाहीशी होईल आणि मनुष्य सुखात राहील. दुसरे लेखकही तेच यंत्रसंपन्न नगर रंगवितात. परंतु रंगविताना ते गालांतल्या गालांत हसत असतात. त्यांच्या नगरीत अन्नवस्त्राची ददात नसते, रस्ते स्वच्छ असतात, घड्याळाचा काटा कधी चुकत नाही. उणे असते ते एवढेच, की तेथे माणसाला माणूस म्हणून कोणी विचारीत नाही. अशा उपहासकथांना निराशेचे साहित्य म्हणून बाजूला सारणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते हा त्या लेखकांवर अन्याय आहे.

रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन यांनी १९२०-२१ च्या सुमारास एक कादंबरी लिहिली. तिच्या नावाचा अर्थ ‘आम्ही’ असा आहे. तिच्यातील राज्यात कोणालाही नाव नाही. प्रत्येकास एक अक्षर व एक क्रमांक दिलेला आहे. कथा सांगणारा नायकही ‘डी-५०३’ एवढ्याच ओळखीवर जगतो. कोण काय करतो हे सर्वांना दिसावे म्हणून घरांच्या भिंती काचेच्या! उठण्याची, कामावर जाण्याची, निजण्याची वेळ ठरलेली. इतकेच नव्हे, तर प्रत्येक घास पन्नास वेळा चावावा असाही नियम! हे वाचताना आपणांस हसू येते. परंतु हसू ओसरल्यावर एक प्रश्न मनात उभा राहतो. ‘आज मला भूक नाही’ एवढे साधे वाक्य बोलण्याची मुभा तरी या लोकांना असेल काय? रशियातील तत्कालीन सत्तेने ही कादंबरी छापू दिली नाही. तिचे इंग्रजी भाषांतर १९२४ मध्ये अमेरिकेत निघाले. लेखकाच्या स्वतःच्या देशात ती प्रसिद्ध होण्यास १९८८ साल उजाडावे लागले.

इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी तत्पूर्वीच, १९०९ मध्ये, एक कथा लिहिली होती. तीत माणसे भूगर्भातील स्वतंत्र खोल्यांत राहतात आणि त्यांना हवे ते सर्व एक प्रचंड यंत्र पुरविते. होता होता ती माणसे त्या यंत्राची पूजा करू लागतात आणि त्याची दुरुस्ती करण्याचे ज्ञान मात्र विसरून जातात. शेवटी यंत्र बंद पडते. बिहारमधील मोतिहारी येथे १९०३ मध्ये जन्मलेले जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४९ मध्ये ‘१९८४’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यातील घराघरांत एक पडदा आहे. त्यावर माणूस चित्रे पाहतो. पण तो पडदाही माणसाला पाहत असतो.

यावर कोणी म्हणेल, “१९८४ साल आले आणि गेले. तसे कोठे काय घडले?” हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु उपहासकार हा ज्योतिषी नव्हे. आई मुलाला ‘पडशील हं!’ म्हणते, ती काही भविष्य सांगत नाही. मूल पडू नये हीच तिची इच्छा असते. मूल पडले नाही म्हणून आईचे बोलणे खोटे ठरते काय?

माणसाला क्रमांक मिळण्याची गोष्ट आपल्या खानदेशाला परकी नाही. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत टेंभली या गावी देण्यात आले. शहादा तालुक्यातील हे गाव नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९९८ पर्यंत तो भाग धुळे जिल्ह्यातच होता. बारा अंकांचा हा क्रमांक, दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांतील बुबुळांची प्रतिमा आणि छायाचित्र यांवरून माणसाची ओळख पटते. ज्याच्याजवळ जमिनीचा उतारा नाही, शाळेचा दाखला नाही, अशा मजुरालाही ‘मी अमुक’ असे सांगण्याचा आधार मिळावा, हा हेतू निःसंशय चांगला आहे. तथापि दगड फोडून, विटा वाहून, वर्षानुवर्षे शेतात राबून बोटांवरील रेषा झिजतात. वार्धक्यानेही त्या पुसट होतात. अशा वेळी यंत्र त्या बोटांना ओळखीत नाही. ज्या श्रमांनी जगाचे पोट भरले, त्याच श्रमांमुळे श्रमिकाची ओळख पुसली जावी, हा केवढा दैवदुर्विलास!

आता समजा, एखाद्या उपहासकाराने २१०० मधील खानदेशाचे चित्र रेखाटले. जळगावच्या बागेतील जे केळे ठरलेल्या मापाइतके वाकलेले नाही, त्यास यंत्र ‘केळे’ म्हणण्यास नकार देते. भरिताचे वांगे किती पळे भाजावे हे राजधानीतून ठरते. धुळ्यातील एका घराचे दार आवाजाच्या आज्ञेने उघडते. परंतु यंत्राला अहिराणी शिकविलेली नाही. भर उन्हात पाहुणा दाराशी उभा आहे. आजी खिडकीतून त्याला पाहते, अहिराणीत ‘आत या’ म्हणते, आणि यंत्र उत्तर देते, “बाहेर कोणीही नाही.” आपण हसतो खरे, पण तो पाहुणा उन्हातच उभा आहे, हे हसता हसता आपल्या ध्यानात येते. उपहासाचे कार्य ते हेच.

हा प्रश्न केवळ कथेपुरता नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की, खासगी जीवन जपणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने न्यायालयाने आधार योजना कायम ठेवली. परंतु शाळाप्रवेशासाठी हा क्रमांक सक्तीचा करता येणार नाही आणि तो नाही म्हणून कोणत्याही बालकास योजनेच्या लाभापासून वंचित ठेवता येणार नाही, असेही बजावले. म्हणजे यंत्र राहावे, पण त्याला मर्यादा असावी. यंत्राचा शब्द आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचा शब्द यांत अंतर पडले, तर माणसाकडे मान वर करून पाहणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्यच होय.

आपल्या वर्गातही प्रत्येकाला हजेरीपटावर क्रमांक असतो. गुरुजी क्रमांक पुकारतात, मुले ‘हजर’ म्हणतात आणि काम लवकर उरकते. त्यात गैर काहीच नाही. परंतु एखादा क्रमांक चार दिवस निरुत्तर राहिला, तर चांगले गुरुजी पटावर काट मारून स्वस्थ बसत नाहीत. पाचव्या दिवशी ते त्या मुलाचे नाव घेऊन विचारतात, “त्याच्या घराजवळ कोण राहते? त्याला बरे नाही काय?”