काकबळीचा घास आणि कावळ्याचे झाड

सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी छत्रपती संभाजीनगरच्या नव्या वसाहतींतील गच्च्यांवर एक दृश्य हमखास दिसते. पत्रावळीवर खीर, वडे, कढी-भात वाढलेला असतो आणि घरातील कर्ता पुरुष आकाशाकडे डोळे लावून उभा असतो. कावळा येत नाही. अर्धा तास उलटतो, अन्न निवते, आणि मग कोणीतरी सुचवितो की, पान जुन्या शहरातील एखाद्या वडाखाली नेऊन ठेवावे. पितरांचे स्मरण ज्याच्या साक्षीने करावयाचे, तो पक्षी आपल्या वसाहतीत का नाही, हा प्रश्न त्या दिवशीही फारसा कोणी विचारीत नाही.

वस्तुतः पशुपक्ष्यांचा वाटा हा हिंदू गृहस्थाच्या दृष्टीने उपकाराचा विषय कधीच नव्हता. पंचमहायज्ञांमध्ये देवयज्ञ आणि पितृयज्ञ यांच्याच पंक्तीला भूतयज्ञ आहे. आपण जेवण्यापूर्वी मुक्या जिवांसाठी अन्न काढून ठेवणे हे नित्यकर्म होते. मराठी मूल पहिला घास खाते तेच काऊ-चिऊच्या नावाने. ज्ञानदेवांच्या विराणीत विठ्ठलाच्या आगमनाचा शकुन सांगतो तो कावळाच. याउलट, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत बसविले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली. तोवर पन्नास वर्षे उलटली होती! आजीच्या ओच्यातील मुलाला जे ठाऊक होते, ते कायद्याला उमगायला अर्धशतक लागले.

अलीकडे एक युक्तिवाद उत्साहाने मांडला जातो की, भाद्रपद हा कावळ्यांच्या विणीचा काळ असल्याने पूर्वजांनी पितृपक्ष योजला. हेतू चांगला असला, तरी विधान खरे नाही. आपल्याकडे कावळ्याची वीण उन्हाळ्यात सुरू होते आणि पावसाळ्याच्या प्रारंभापर्यंत बहुतेक उरकते. त्याच सुमारास कोकिळा त्याच्या घरट्यात अंडी घालते. भाद्रपदात पिले उडती झालेली असतात. परंपरेचा अभिमान बाळगायला अशा ओढूनताणून लावलेल्या विज्ञानाची गरज नाही. कावळ्याला उणीव घासाची नसून उंच, दाट झाडाची आहे, हे कळायला थोडे निरीक्षण पुरते.

चिमणीची कथा निराळी आहे. गुलमंडी, औरंगपुरा भागातील जुन्या माळवदाच्या घरांत तुळयांच्या खाचा होत्या, कोनाडे होते, भिंतीवर तिरक्या टांगलेल्या देवादिकांच्या तसबिरी होत्या. अंगणात ज्वारी पाखडली जाई. तसबिरीमागच्या काड्या-कचऱ्याबद्दल घरची गृहिणी कुरकुरे, पण विणीच्या दिवसांत ते घरटे कोणी काढीत नसे. सिमेंटच्या गुळगुळीत भिंती आणि सरकत्या काचांच्या खिडक्या आल्या, तेव्हा चिमणीची राहण्याची जागाच संपली. शिवाय चिमणी धान्य खात असली, तरी पिलांना ती किडे-अळ्या भरविते. अंगणाला फरशी घातली, परसातील माती झाकली की तेही नाहीसे होतात. २० मार्च हा जागतिक चिमणी दिन २०१० पासून पाळला जातो आणि त्यात नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचा पुढाकार आहे, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट होय. तथापि दिन पाळून भिंतीला खाच पडत नाही.

खरा प्रश्न वृक्षांचा आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, नीलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ आणि गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडचे. ही झाडे लवकर वाढतात, गुरे त्यांतील काहींना तोंड लावीत नाहीत, म्हणून वृक्षारोपणाचे आकडे फुगविण्यास ती सोयीची. फांदीवर घरटे बांधण्यापुरती सोय गुलमोहरही करतो. पण फळ खाणाऱ्या पक्ष्याला त्याच्या वाळक्या शेंगांचा उपयोग काय? वड, पिंपळ, उंबर यांची फळे वेगवेगळ्या वेळी पिकतात आणि तांबट, कोकीळ, बुलबुल, साळुंकी, धनेश, तसेच आपला राज्यपक्षी हरियाल, या साऱ्यांचे अन्नछत्र त्यांवर चालते. जुन्या खोडाच्या ढोलीत पिंगळा संसार थाटतो. पिंपळावर मुंजा असतो या भीतीची आपण थट्टा केली. पण त्या मुंजाने जेवढे पिंपळ कुऱ्हाडीपासून वाचविले, तेवढे आपल्या समित्यांनी वाचविले आहेत काय?

हिमायतबागेत आणि सलीम अली सरोवराच्या काठी हे पक्षी अद्याप दिसतात. ते दोन्ही परिसर दिल्ली दरवाजाजवळ, भर शहरात आहेत. तरी हौशी मंडळी हिवाळ्यात दुर्बिणी घेऊन पन्नासेक किलोमीटरवरील नाथसागराकडे धावतात. १९८६ साली अभयारण्य झालेल्या त्या जलाशयावरील रोहित पाहणे आनंदाचेच. मात्र स्वतःच्या कुंपणावर पहाटे शीळ घालणारा दयाळ ज्याला ओळखता येत नाही, त्याचे पक्षिप्रेम सहलीपुरतेच म्हणावे लागेल.

दसऱ्याला चास, म्हणजे नीलकंठ, दिसणे शुभ. तो मोकळ्या माळाचा, टोळ-नाकतोडे टिपणारा, शेतकऱ्याचा सोबती. त्याच्या दर्शनासाठी शिवेबाहेर जावे लागे, म्हणून सीमोल्लंघनाशी त्याचा शकुन जुळला. देशात काही ठिकाणी तो पकडून, पंख बांधून, पैसे घेऊन दाखविला जातो. अशा दर्शनाने पुण्य लागते असे मानणाऱ्याने त्या पक्ष्याच्या डोळ्यांत एकदा पाहावे. पारव्यांना पोत्याने धान्य ओतण्याची हौसही याच जातीची. २०२५ साली मुंबईत कबुतरखान्यांवरून जो वाद पेटला, त्यात श्रद्धा आणि आरोग्य यांची झुंज लावण्यात आली. परंपरेने सांगितला तो घास, पोते नव्हे.

संक्रांतीच्या नायलॉन मांजाविषयी अधिक लिहिण्याची गरज नसावी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली. तो विकत आणणारे हात मात्र आपल्याच घरांतील असतात. पाण्याचेही तसेच. आठ-आठ दिवस नळाची वाट पाहिलेल्या या शहराने प्रत्येक थेंब झाकणबंद टाकीत साठविला, ते समजण्यासारखे आहे. पण मातीच्या एका परळाला तांब्याभर पाणी पुरते, आणि ते रोज बदलले तर डासही होत नाहीत.

दीर्घ लढ्यानंतर २०२३ साली या शहराला छत्रपती संभाजी महाराजांचे नाव अधिकृतपणे लाभले. आता त्याच्या वसाहतींतील मोकळ्या भूखंडांवर, मंदिरांच्या आवारांत, शाखेच्या मैदानांच्या कडेला कोणती झाडे उभी राहतात, हे येथील नागरिकांनीच ठरवावयाचे आहे. रोपांसाठी निधीचीही वाट पाहावयास नको. जुन्या घरांच्या भिंतींत, गच्चीच्या पन्हाळीत पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून वड-पिंपळाची रोपे दरवर्षी उगवतात. भिंत फुटू नये म्हणून ती काढावीच लागतात. बहुधा त्यांवर आम्ल ओतले जाते. त्याऐवजी मृगाच्या पावसानंतर ती मुळांसकट हळुवार सोडवून पिशवीत लावली, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत जमिनीत लावण्याजोगी होतात.